अंघोळ घालण्याचे पैसे

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

प्रत माहितीसाठी: राष्ट्रीय आवास बँक, नवी दिल्ली, सामाजिक न्याय विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय: आरोग्य विम्याच्या पॉलिसीतलं एक्सक्लूजन (पैसे न देण्याचं कलम) क्रमांक ०५

महोदय,

स. न. वि. वि.

मी पुण्यात एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहिते. आईची मेडिक्लेम पॉलिसी गेली चौदा वर्षं मीच भरते आहे. त्यातलं बारीक अक्षरसुद्धा आपण वाचलं आहे असा माझा समज होता. तो २०२४ च्या उन्हाळ्यात फिटला.

त्या जानेवारीत आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७७. शस्त्रक्रिया झाली, आठ दिवस रुग्णालय, बिल ३ लाख ४१ हजार. कॅशलेसमध्ये २ लाख ८६ हजार मंजूर झाले. वरचे आम्ही भरले. ज्याचे पैसे मिळत नाहीत त्या वस्तूंची यादी मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. मिनरल वॉटर, टीव्हीचं भाडं, टेलिफोन, आणि त्यांच्याच रांगेत डायपर आणि अटेंडंट. उठता न येणाऱ्या बाईचा डायपर आणि टीव्ही एका यादीत कुणी बसवले असतील, असं क्षणभर वाटून गेलं. पण तेव्हा आई जिवंत घरी येत होती, यादीकडे कोण बघतं!

घरी आली ती वेगळीच. विसरणं दोन वर्षांपासून सुरू होतंच. भूल दिल्यानंतर ती जी हरवली ती पुरती परत आलीच नाही. रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून मावशी लावल्या. दिवसाच्या एक, रात्रीच्या एक. दोघींचे मिळून दिवसाला १,६५०. पॉलिसीत रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांचा खर्च मिळतो असं लिहिलं होतं. मी फाईल केली: औषधं, ड्रेसिंग, फिजिओथेरपी आणि ब्युरोची बिलं, तारखेनुसार, प्रत्येकाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. हिशेब लिहिणाऱ्या बाईची फाईल होती, तिच्यात खोट काढता येणार नाही याची मला खात्री होती. औषधं, ड्रेसिंग आणि फिजिओचे पैसे आले. मावश्यांचे ९९ हजार आले नाहीत. कारणाच्या रकान्यात एवढंच: एक्सक्लूजन ०५.

मी ते कलम काढून वाचलं. तुमच्या प्राधिकरणाने सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखं करून दिलेलं कलम आहे ते, त्यामुळे कंपनी बदलून फरक पडत नाही. त्याचा मराठीत अर्थ असा होतो: निव्वळ विश्रांती, पुनर्वसन किंवा सांभाळ करणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून झालेला खर्च मिळणार नाही, आणि घरी असो वा शुश्रूषेच्या ठिकाणी, अंघोळ घालणं, कपडे चढवणं, हिंडवणं-फिरवणं अशा रोजच्या कामांत केलेली मदत, मग ती शिकलेल्या नर्सने केली तरी, मिळणार नाही.

शिकलेल्या नर्सने केली तरी. हे मी दोनदा वाचलं.

तुम्हाला दोष द्यायच्या आधी दुसरी बाजूही मांडते, कारण मला ती दिसते. हे कलम नसतं तर लोकांनी घरच्या म्हाताऱ्यांना सुट्टीच्या दिवसांत रुग्णालयात नेऊन ठेवलं असतं, आणि त्याचा भार सगळ्यांच्या हप्त्यावर पडला असता. शिवाय गेल्या दोनेक वर्षांत तुमच्याकडून बरंही घडलं आहे. एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांवरच्या माणसाला नवी पॉलिसी घेता येते. जुन्या आजारांसाठी थांबायची मुदत चारवरून तीन वर्षांवर आली. ज्येष्ठांचा हप्ता तुम्हाला विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही, हे तुम्ही जानेवारी २०२५ मध्ये बजावलंत. सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा जीएसटीही गेला, तो जीएसटी परिषदेच्या कृपेने. या सगळ्यामुळे माझ्या आईला रुग्णालयाचं दार उघडंच राहिलं. प्रश्न रुग्णालयातून बाहेर पडल्यावर सुरू होतो.

सात महिने घरी सांभाळलं. दोन मावश्यांचे महिन्याला पन्नास हजार, त्यात मावशी गावाला गेल्या की बदली मावशी, बदली मावशी आईच्या ओळखीच्या नाहीत, की आई त्यांचा हात झटकते, एकदा चावली. मी कामावर, फोन सतत. जुलैत पाठीला जखम झाली, बेडसोअर. डॉक्टर म्हणाले, एका माणसाचं हे काम नाही, तीन पाळ्यांचं आहे. मग केंद्र शोधायला लागलो.

इथे एक भाषेची गंमत सांगते. पुण्यात ‘नर्सिंग होम’ म्हटलं की आपल्याला दहा-पंधरा खाटांचं छोटं रुग्णालय आठवतं, जिथे आपली मुलं जन्मली. कायदाही तेच म्हणतो: मुंबई प्रांताचा १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा रुग्णालयांसाठीच आहे. आणि ‘वृद्धाश्रम’ म्हटलं की चालत्याबोलत्या माणसांचा. मी फोन केलेल्या अकरापैकी आठ ठिकाणी पहिला प्रश्न होता, “स्वतःची कामं स्वतः करतात का?” नाही म्हटलं की फोन ठेवायची घाई. उठता न येणाऱ्या, नाव विसरलेल्या, पण रुग्णालयात ठेवण्यासारखा आजार नसलेल्या माणसाच्या जागेला आपल्याकडे नीट नावही नाही. कुणी शुश्रूषा केंद्र म्हणतं, कुणी केअर सेंटर, कुणी असिस्टेड लिव्हिंग. नाव नाही म्हणून नोंदणीचा रकाना नाही, नोंदणी नाही म्हणून दर नाही आणि तपासणी नाही. पॉलिसीतली रुग्णालयाची व्याख्या तर त्याला लागूच पडत नाही. नोंदणी नसलेल्या जागेला रुग्णालय म्हणायचं तर मोठ्या शहरात किमान १५ खाटा हव्यात, चोवीस तास डॉक्टर हवा आणि स्वतःचं सुसज्ज शस्त्रक्रियागृह हवं. माझ्या आईला आता शस्त्रक्रियागृह नकोय. तिला दर दोन तासांनी कूस बदलून देणारं कुणीतरी हवंय.

शेवटी सिंहगडाच्या बाजूला एक केंद्र मिळालं. चांगलं आहे. कुणी विचारतं, “वृद्धाश्रमात टाकलंत का?” हे ‘टाकणं’ मी आता ऐकून सोडून देते. बेडसोअर पाच आठवड्यांत भरून आला, माझ्यासाठी तेवढं उत्तर पुरे.

आता आकडे. माझ्या धंद्याची भाषा हीच आहे, आणि तुमचीही.

केंद्राचे महिन्याला ३८,०००. त्यात राहणं, जेवण, तिन्ही पाळ्यांचे केअरटेकर आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर. डायपर आणि अंडरपॅड आपले, ५,५००. औषधं ४,२००. फिजिओ ३,०००. तज्ज्ञ डॉक्टरांची फी वर्षभराची वाटून ८००. शिवाय ही पॉलिसी, वर्षाचे ४१,०००, म्हणजे महिन्याला ३,४००. बेरीज ५४,९००. सुरुवातीला भरलेली एक लाखाची अनामत वेगळी.

जमेच्या बाजूला: वडील नगरपालिकेत होते, त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन १६,९००. त्यांच्या फंडातले १५ लाख आईच्या नावे पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत, ८.२ टक्क्यांनी वर्षाला १ लाख २३ हजार, महिन्याला १०,२५०. आईचा कर्वेनगरचा वन बीएचके आम्ही भाड्याने दिला: भाडं १६,०००, सोसायटीचे २,६०० वजा जाता १३,४००. एकूण ४०,५५०. खड्डा १४,३५० चा. भाऊ ७,००० देतो, उरलेले माझे.

म्हणजे आमचं चाललं आहे. वडिलांची सरकारी नोकरी, शहरात मालकीचं घर, कमावती दोन भावंडं आणि त्यांच्यात भांडण नाही, ही चारही सुखं एका घरात आहेत म्हणून महिना कसाबसा जुळतो. यातलं एक काढा आणि बघा. वडील कारखान्यात असते आणि भविष्यनिर्वाह निधीचं पेन्शन असतं, तर २०१४ पासून त्याची किमान रक्कम आहे महिना १,०००. आईच्या डायपरचे पाच-सहा दिवस.

भाडेकरू मिळण्याआधी, खड्डा तीसएक हजारांचा होता तेव्हा, मी बाकीची दारं ठोठावली. ती हकिगत तुमच्यासाठी लिहिते, कारण “त्यासाठी दुसऱ्या योजना आहेत” असं उत्तर येण्याची शक्यता मला दिसते.

आयुष्मान भारतचं सत्तरीनंतरचं कार्ड काढलं. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्न न बघता मिळतं, खासगी पॉलिसी असली तरी मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण तेही रुग्णालयात दाखल झालं तरच, आणि घरी आल्यावर पंधरा दिवस. तुमच्या पॉलिसीत निदान साठ होते.

मग आयकर. भाऊ पगारदार आहे, त्याने मुद्दाम जुनी करप्रणाली ठेवली, कारण नव्या प्रणालीत यातलं काहीच मिळत नाही. जुन्या प्रणालीत गंभीर अपंगत्व असलेल्या अवलंबितासाठी सव्वा लाखाची वजावट आहे, आणि त्या कलमात चक्क शुश्रूषा हा शब्द आहे. ज्येष्ठांच्या ठरावीक आजारांसाठी एक लाखाची वजावट आहे, त्या आजारांच्या यादीत स्मृतिभ्रंशाचं नाव आहे. वाचून मला भरून आलं होतं. पण दोन्हीकडे शब्द ‘अवलंबित’. सीए म्हणाले, “ताई, आईंना पेन्शन आहे, व्याज आहे, भाडं सुरू होईल. त्या मुख्यतः मुलावर अवलंबून आहेत असं मी लिहून देऊ शकत नाही.” बरोबर आहे त्यांचं. आईने आणि वडिलांनी आयुष्यभर काटकसर केली ती मुलांवर भार नको म्हणून, आणि त्याच काटकसरीने मुलाची वजावट गेली. आईचं स्वतःचं उत्पन्न करपात्रच नाही, त्यामुळे तिच्या नावाने वजावट घ्यायला कर कुठे आहे?

आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदाही वाचला. भांडण नव्हतं, पण माहिती असावी म्हणून. मुलांनी लक्ष दिलं नाही तर प्रांताधिकाऱ्यांसमोरचं न्यायाधिकरण निर्वाहभत्ता ठरवून देतं. कमाल मर्यादा महिना १०,०००. २००७ साली ती बरी असेल. मर्यादा काढून टाकायचं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं, त्यात अशा केंद्रांच्या नोंदणीचीही तरतूद होती. त्याचा कायदा झाला नाही. आकडे गोठवून ठेवायची आपल्याला आवडच आहे. धर्मादाय नोंदणीच्या वृद्धाश्रमांना महिना २५,००० पर्यंतच्या शुल्कावर जीएसटी माफ केला तो २०१८ साली, तिथेही आकडा तिथेच आहे.

आणि मग घर. याबद्दल जास्त लिहिते, कारण मध्यमवर्गीय मराठी माणसाची खरी ठेव बँकेत नसते, चारशे-पाचशे चौरस फुटांत असते. प्रत ज्यांना पाठवते आहे त्या राष्ट्रीय आवास बँकेने २००७ मध्ये रिव्हर्स मॉर्गेजचे नियम केले. गृहकर्जाच्या उलट: घर गहाण, पण बँक दर महिन्याला पैसे तुम्हाला देते, आणि हयातीत फेडायचं नाही. मला वाटलं, हे तर आईसाठीच केलंय. बँकेत गेले. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने योजनेचं नाव ऐकून आधी सहकाऱ्याला हाक मारली. मग दोघांनी मिळून नियम वाचले. घर स्वतः राहतं हवं. इमारतीचं आयुष्य अजून किमान वीस वर्षं हवं. आमची १९८८ ची. आणि कर्ज फेडायची वेळ केव्हा येते? कर्जदार वारला, घर विकलं, किंवा कायमचा बाहेर राहायला गेला तर. ‘कायमचा’ म्हणजे साधारण सलग एक वर्ष. आणि उदाहरण म्हणून कुठे जाणं दिलंय, तर वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थेत.

म्हातारपणाच्या खर्चासाठी काढलेली योजना, आणि म्हातारपणाचा सगळ्यात मोठा खर्च सुरू होताच ती फेड मागते. मी त्या अधिकाऱ्याला म्हटलं, “म्हणजे आईने घरातच पडून राहिलं तर पैसे मिळणार?” तो बिचारा ओशाळला. पाणी विचारलं त्याने.

तसंही आई सही करू शकली नसती. हे पत्र खुलं आहे, म्हणून दोन शब्द वाचणाऱ्या लेकी-सुनांसाठी, तुम्ही तेवढं सोडून वाचा. खातं आणि ठेवी ‘दोघांपैकी कोणीही’ अशा अटीवर आजच करून घ्या. आमचं पेन्शनचं खातं वडील गेल्यावर आईने माझ्याबरोबर जोडलं होतं, म्हणून वाचलो. अंगठा चालतो: रिझर्व्ह बँकेच्या नियमात आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घ्यायची सोय आहे, त्यातला एक बँकेचा माणूस. सत्तरीनंतर बँकेने घरी येऊन मूलभूत सेवा द्यायची, असं परिपत्रक २०१७ चं आहे. त्याची छापील प्रत पर्समध्ये ठेवा, मी ती दोनदा काढली आहे. पण अंगठा उठवणाऱ्याला आपण काय करतोय हे समजायला हवं. ते समजेनासं झालं की मुखत्यारपत्रही चालत नाही, कारण देणाऱ्याची बुद्धी गेली की दिलेला अधिकार संपतो. बहुतेकांना वाटतं मुखत्यारपत्र त्याच दिवसासाठी असतं. ते नेमकं त्याच दिवशी निकामी होतं. मग घर विकायचं तर उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक मागायची. वकिलांनी आम्हाला खर्च सांगितला तेव्हा आम्ही भाडेकरूवर समाधान मानलं. भाडेकराराचंही खरं तर तेच आहे. पण आईने आधीच, तिला कळत होतं तेव्हा, भावाच्या नावे हक्कसोड न करता घराला माझं सहनाव लावून सोय करून ठेवली होती. तेव्हा मला तो तिचा संशयी स्वभाव वाटला होता.

आता मूळ मुद्दा, साहेब.

तुमच्या एक्सक्लूजन ०५ मध्ये जी कामं आहेत, अंघोळ, कपडे, हालचाल, तीच कामं मला दुसऱ्या एका देशाच्या विम्यात सापडली. सिंगापूरमध्ये २०२० पासून केअरशील्ड लाइफ नावाची योजना आहे. ती सहा कामं मोजते: अंघोळ, कपडे, जेवण, शौच, चालणं-फिरणं, आणि पलंगावरून खुर्चीत बसणं. सहापैकी तीन स्वतःची स्वतः जमत नसतील तर दरमहा रोख रक्कम सुरू, जमत नाहीत तोवर. सुरुवात महिना ६०० सिंगापूर डॉलरने झाली. ती रक्कम घरच्या मावशीला द्या, केंद्राला द्या, बिल कुणी मागत नाही. म्हणजे एकच यादी. तुमच्याकडे ती पैसे नाकारायचं कारण आहे, त्यांच्याकडे पैसे द्यायचं.

जर्मनीने सांभाळाचा वेगळा विमा १९९५ मध्ये सुरू केला. जपानने २०००च्या एप्रिलमध्ये: चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा, निम्मा भार सरकारी तिजोरीने उचलायचा, आणि सेवा घेताना बहुतेकांनी दहा टक्के खिशातले द्यायचे. ते श्रीमंत देश आहेत हे मला माहीत आहे. आपल्याकडे साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, आणि त्यांना सांभाळणारं कुणीतरी आजही पैसे मोजतंच आहे. नोकरी सोडलेल्या सुनेचा पगार हाही खर्चच, फक्त तो कुठल्या वहीत चढत नाही. आपण त्याला ‘सेवा’ म्हणतो. सेवेची पावती मागायची नसते ना!

माझ्या एजंटने चार कंपन्यांकडे विचारलं: मी ५४ वर्षांची आहे, माझ्यासाठी असा विमा द्या, आजार कुठलाही असो, तीन कामं जमेनाशी झाली की महिन्याला ठरावीक रक्कम, पाच वर्षं. हप्ता आजपासून भरते. चौघांचं उत्तर एकच: असं उत्पादन नाही. एकाने गंभीर आजाराची पॉलिसी पुढे केली. तिच्यात एकरकमी पैसे मिळतात आणि म्हातारपणाने हळूहळू खचणं हा आजार बसत नाही.

कंपन्या का घाबरतात ते मला कळतं. रुग्णालयाचा दावा आठ दिवसांत संपतो, हा आठ वर्षं चालू शकतो. निरोगी माणूस हप्ता भरायला येणार नाही, ज्याला घरात लक्षणं दिसताहेत तोच येईल. तीन कामं जमत नाहीत हे खोटं सांगणारे निघतील. सिंगापूरने म्हणूनच १९८० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते सक्तीचं केलं. आपल्याकडे लगेच सक्ती करा असं मी म्हणत नाही. पण वर्षांची मर्यादा घाला, रकमेची घाला, सुरुवातीला तीन वर्षं थांबायला लावा, सरकारी डॉक्टरांची तपासणी ठेवा, आणि चाळिशी-पन्नाशीत घेणाऱ्यालाच द्या. जोडपॉलिसी म्हणून द्या. मूळ पॉलिसीतलं ०५ तसंच राहू द्या हवं तर, फक्त जास्त हप्ता भरून ते उठवायची सोय ठेवा. जुन्या आजारांच्या बाबतीत तुम्ही मुदत घालून दार उघडलंतच की.

सामाजिक न्याय विभागाला एवढंच: विमा कंपनी उद्या तयार झाली तरी ती विचारेल, केंद्र नोंदलेलं आहे का, पाळीला किती माणसं, त्यांना काय शिकवलंय? या जागांना आधी एक नाव द्या आणि एक रजिस्टर उघडा. आवास बँकेला: ‘सलग एक वर्ष बाहेर’ या अटीतून शुश्रूषेसाठी बाहेर राहणाऱ्याला वगळा. कर्ज घरावर आहे, घर कुठे पळून जात नाही.

केंद्रात दिवसपाळीला ज्या मावशी आहेत त्या पूर्वी ब्युरोकडूनच कामाला जायच्या. आमच्याकडे ब्युरो दिवसाचे ८५० घ्यायचा त्या काळात त्यांच्या हातात ६०० यायचे म्हणे. वय एकसष्ट. रोज नऊ म्हाताऱ्यांना अंघोळ घालतात, पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघतात. मी एकदा विचारलं, तुमचं पुढे काय? म्हणाल्या, “पासष्टीनंतर श्रावणबाळचे दीड हजार मिळतील, ताई. आणि हाडं बरी आहेत.” मग आईचे केस विंचरायला लागल्या.

आईच्या पॉलिसीचं नूतनीकरण पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला आहे. गेल्या वर्षी ३७,३०० होते, यंदा ४१,०००, तुमच्या दहा टक्क्यांच्या आत अगदी नेमके बसवलेत. मी भरणार आहे. आईचा दुसरा खुबा अजून शाबूत आहे आणि त्याच्यासाठी दुसरा काही इलाज नाही. सोबत नामंजुरीचं पत्र, ब्युरोची बिलं आणि वर दिलेला जमाखर्च, नावं झाकून, जोडला आहे. उत्तर मराठीत आलं तरी चालेल, इंग्रजीत आलं तरी मी लावून घेईन. फक्त ‘एक्सक्लूजन ०५ अन्वये खेद आहे’ असं नको. ते माझ्याकडे आहे.

आपली,
एक पॉलिसीधारक,
कर्वेनगर, पुणे